दोन्हीकडून वाजणारा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, आणि खरं सांगायचं तर भित्रा आहे. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात होतो. भीती वाटू लागली ती मावशीच्या कानांवर बसल्यावर.

मावशी शिवणकारखान्यात कापड कापायची. तिला हिप-हॉपचं भारी वेड. नवा अल्बम आला, की पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या इंटरनेट रेडिओवर त्याबद्दल बोलायचं.

"हल्लीची पोरं गाणं सुरू होतंय न होतंय तोच संपवतात," ती म्हणायची. "अरे, रॅप म्हणजे गळ्यातली साखळी मिरवणं नव्हे. ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांनी तालावर मांडलेलं गाऱ्हाणं आहे ते. शब्द खरा हवा. बीट साधा असला तरी चालेल."

लोक तिच्या मताची वाट बघायचे. मलाही अभिमान वाटायचा. पण यंत्रांच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून ती आवाज पार टोकाला न्यायची. माझे पडदे थरथरायचे आणि मला धडकी भरायची. एवढा आवाज आत जाऊन करतो तरी काय? सांगणार कसं? मला तोंड होतं ते फक्त गाण्याचं.

एका दुपारी, एका रॅपर पोरीचा नवा अल्बम ऐकता ऐकता मावशीने मला काढलं, झटकलं, वायर पिळली.

"मेल्याची डावी बाजू गेली वाटतं!"

ती तडक दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने मला स्वतःच्या कानांना लावलं. मी मनोमन विनवत होतो, माझ्यातच बिघाड निघू दे.

"मावशी, हा ठणठणीत आहे. दोन्हीकडून वाजतोय."

"काहीतरीच!" म्हणत तिने मला उलटा घातला. आता माझी उजवी बाजू तिच्या डाव्या कानावर होती. मी जीव तोडून वाजत होतो. पण तिला गाणं ऐकू आलं ते पुन्हा उजव्याच कानात. मग तिने डाव्या कानाला हात लावून पाहिला.

"कानाच्या डॉक्टरकडे जा. आत्ताच," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला.

औषधांनी थोडं ऐकू येऊ लागलं. कानातली शिट्टी मात्र गेली नाही. मावशीची लेक मला कचऱ्यात टाकायला निघाली होती.

"ठेव त्याला," मावशी म्हणाली. "आवाज मी वाढवला. तो बिचारा काय करणार?"

त्या आठवड्यात ती रेडिओवर म्हणाली, "मंडळी, हा अल्बम मला अर्धाच ऐकू आला. अर्ध्यावर मत द्यायचं नसतं. तुम्हीच फोन करून सांगा, डावीकडे काय वाजतंय ते." फोन येत राहिले. मावशी मान तिरकी करून, उजवा कान पुढे करून ऐकत राहिली.

आता ती मला घरी, खिडकी लावून, हळू आवाजात ऐकते. तरी आवडती ओळ आली, की तिचं बोट नकळत आवाजाच्या बटणाकडे सरकतं आणि माझा जीव गोळा होतो. धड असा उजवा कानच उरलाय.

मित्रांनो, तुमच्याही कानांवर माझा एखादा भाऊ बसलेला असेल. तो घाबरला तरी बोलू शकत नाही. आवाज तुम्हीच कमी करा.