चिठ्ठीवरचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे आणि मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्या गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर नेमकं उलटं लिहिलंय.

आमच्या कारखान्यात पाइपांच्या सांध्यांत चीर राहिली आहे का, ते गॅमा किरणांनी फोटो काढून बघतात. ते किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, लगेच चटकाही बसत नाही. त्यांचा स्रोत हरभऱ्याएवढा, पण राहतो जड पेटीत. फोटोपुरता त्याला नळीतून बाहेर ढकलायचं, मग हँडल फिरवून परत आत ओढायचं. तो खरंच आत गेला का, हे मी सांगायचं. मला पेटीच्या अंगाला भिडवलं की जितके किरण जास्त, तितकी माझी टिकटिक जोरात.

मला वापरणाऱ्या कारागिराने माझं नाव किरकिऱ्या ठेवलं होतं. "किरकिऱ्या गप्प झाला की मी घरी निघतो," असं तो बायकोला कौतुकाने सांगायचा. मीही त्याला आपला माणूस समजत होतो.

एके दिवशी हँडल पूर्ण फिरलं, पण स्रोत नळीच्या तोंडाशीच अडकला. त्याने मला पेटीला लावलं आणि मी जीव तोडून ओरडलो. मुकादमाला काम संपवायची घाई होती.

"रोजच उगाच केकाटतो तो. बंद कर त्याचा आवाज आणि नळी सोडव."

"काटापण टोकाला गेलाय," कारागीर म्हणाला.

"मग उद्यापासून दुसरीकडे काम बघ."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाजाचं बटण फिरवलं. काटा दिसू नये म्हणून मला पालथं ठेवलं आणि उजव्या हाताने नळी सोडवली. पुढे त्या हाताची बोटं भाजल्यासारखी झाली. दोन कापावी लागली.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "मीटर काय करत होता?" मुकादम शेजारीच उभा होता. कारागीर खाली बघत म्हणाला, "गप्प होता तो, साहेब."

शब्द खरे होते, हेच मला सहन होत नाही. साहेबांनी मला चालू करूनही पाहिलं नाही. त्याच दिवशी ही चिठ्ठी गळ्यात आली, 'बिघडलेला'.

परवा त्याने डाव्या हाताने माझं कपाट उघडलं. मला चालू केलं, शेजारच्या पेटीला लावलं. स्रोत आत होता. मी हलकीशी, बरोबर तेवढीच टिकटिक केली.

"चांगला आहेस की रे," तो पुटपुटला. मग मला बंद केलं, चिठ्ठी सरळ केली आणि कपाट लावून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याजवळही कुणी किरकिऱ्या असेल. त्याची किरकिर ऐकवत नसेल तर चार पावलं लांब जा. मीही एवढंच सांगत होतो. त्याचं तोंड बंद करू नका. आणि केलंतच, तर नंतर तो गप्प होता असं म्हणू नका.