एडिथचं पत्र आणि माझा एक शब्द

१९५३च्या हिवाळ्यात एडिथ इंदूरला आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मी एकोणीस. कॅनडातल्या तिच्या गावच्या चर्चने तिला वर्षभर सेवेसाठी पाठवलं होतं. परदेशीपुऱ्यात, मिलच्या कामगारांच्या वस्तीला लागून, मिशनचा लहानसा दवाखाना होता. तिथे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे तिचं काम. भाषा येत नव्हती म्हणून तिला दुभाषी हवी होती. माझे वडील आधी होळकरांच्या दफ्तरात आणि आता मध्यभारत सरकारच्या कचेरीत होते. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या ओळखीच्या. आई कुरकुरली, पण कॉलेज सुटल्यावर मी मल्हारगंजातून रोज तिकडे जाऊ लागले.

दवाखान्यात मंगला यायची. तिचा नवरा तुकोजी मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. त्यांची चार वर्षांची लक्ष्मी, तिच्या उजव्या डोळ्यात जखम झाली होती. रोज औषध घालायला लागायचं आणि लक्ष्मी एडिथशिवाय कुणाला हात लावू देत नसे. एडिथ तिला मांडीवर घेऊन आपल्या भाषेतलं काहीतरी गुणगुणायची, पोरगी गप्प व्हायची. मंगला कधी फडक्यात मक्याची भाकरी आणायची. "खा गं बाई, किती सुकलीस," म्हणायची. हे मला इंग्रजीत सांगावंच लागत नसे.

एक दिवस मंगलाच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. ती गेल्यावर एडिथने विचारलं, "नवऱ्याने मारलं असेल का?"

मी मंगलाला काही विचारलं नव्हतं. तुकोजीला तर पाहिलंही नव्हतं. पण आमच्या घरी मिलच्या माणसांबद्दल जे बोललं जायचं तेच माझ्या तोंडातून आलं. "असेल. पितात ही माणसं."

एडिथचे डोळे भरून आले. मी पट्ट्या गुंडाळत राहिले.

ती दर महिन्याला चर्चला पत्र लिहायची आणि ते तिकडे मासिकात छापलं जायचं. दोनेक महिन्यांनी त्या मासिकाचा गठ्ठा दवाखान्यात आला. त्यात मंगलाचा फोटो होता, एडिथनेच काढलेला, लक्ष्मीला कडेवर घेतलेला. खाली लिहिलं होतं, दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी ही आई, हिच्यासाठी प्रार्थना करा. आमचा कंपाउंडर श्रीपाद इंग्रजी वाचायचा. त्याने चहाच्या टपरीवर तुकोजीला गाठलं आणि हसत हसत सगळं वाचून दाखवलं. "तुकोजी भिया, विलायतेत नाव झालं तुमचं!"

दुसऱ्या दिवसापासून मंगला आली नाही.

आम्हाला कारण कळायलाच आठवडा गेला. कळल्यावर एडिथ लगेच निघणार होती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग शांत होऊ दे. त्या शांत होण्यात आणखी दोन आठवडे गेले. शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या खोलीवर गेलो.

तुकोजी दारातच बसला होता. बारीक, चष्मेवाला माणूस. त्याने आम्हाला आत बोलावलं नाही.

"बाईजी, आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते," तो मला म्हणाला. "घरात दारूचा थेंब नाही. ही नळावर घसरून पडली, सगळ्या चाळीने पाहिलं. एकदा पूछ तर लेना था! पूछा किसी ने?"

मी ते एडिथला सांगितलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "त्यांना सांग, चूक माझी आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच मनाने लिहिलं."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. स्वतःचं एक वाक्य त्यात घालायचं होतं, ते घातलं नाही.

तेवढ्यात मंगला लक्ष्मीला घेऊन बाहेर आली. पोरीच्या उजव्या डोळ्यात बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. एडिथने हात पुढे केले, पण लक्ष्मी आईच्या पदरात शिरली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर तपासलं. रोज औषध गेलं असतं तर डोळा कदाचित वाचला असता, एवढंच त्या म्हणाल्या. तुकोजीने ते ऐकलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. आपण पोरीला अडवायला नको होतं, असं तो मंगलाला म्हणाल्याचं पुढे कळलं.

एडिथ वर्ष पुरं व्हायच्या आधीच परत गेली. स्टेशनवर मी तिला म्हटलं, "एडिथ, तो शब्द माझा होता."

"हो," ती म्हणाली. "पण छापला मी."

तिकडून तिचं एकच पत्र आलं. भर चर्चमध्ये उभं राहून तिने खरं काय ते सांगितलं होतं. लोकांनी तिची समजूत घातली, पण मासिकात दुरुस्ती छापली नाही.

पुढे माझं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. एकदा बाजारात मंगला भेटली. लक्ष्मी तिसरीत गेली म्हणाली. मग विचारलं, "ती गोरी पोरगी बरी आहे ना हो? बिचारी फार रडली त्या दिवशी. मला तिचा राग नाही राहिला."

तो शब्द माझा होता, हे सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण ती इतक्या आपुलकीने माझ्याकडे पाहत होती, मला बाईजी म्हणत होती. "बरी आहे," मी म्हटलं, आणि भाजीवाल्याकडे वळले.