अज्ञात कामगाराच्या वह्या

"यादीतलं जुनं आडनाव टाका मॅडम, दोन मिनिटांत होईल," निरंजन म्हणाला आणि त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

अपेक्षाने कीबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे वडील धम्मरत्न जाऊन अठ्ठावीस दिवस झाले होते. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांवर, त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्या यंत्रांनी कोणाकोणाची बोटं नेली ते त्यांनी तेवीस वह्यांत लिहून ठेवलं. कोणती शिफ्ट, कोणतं मशीन, सुरक्षेचा सेन्सर बंद करायला कोणी सांगितलं, आणि कंपनीने कागदावर काय दाखवलं. निवृत्तीनंतर त्या वह्या त्यांनी आकुर्डीच्या श्रमदीप वाचनालयाला दिल्या. तिथला डिजिटल विभाग सांभाळणाऱ्या निरंजनने पानन् पान स्कॅन केलं. एका विद्यापीठाचं खुलं संशोधन भांडार दर रविवारी ते आपोआप उचलून न्यायचं. अभ्यासक वाचायचे ते तिथूनच.

आणि तिथे लेखकाच्या जागी होतं : 'अज्ञात'.

जातीवरून हाक मारायला गाव जे आडनाव वापरायचं, ते धम्मरत्न यांनी विशीतच टाकलं आणि आईचं नाव लावलं. धम्मरत्न गिरजाबाई. गॅझेटात तेच, पगाराच्या स्लिपवर तेच, प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावरही तेच. वाचनालयाच्या पडद्यावरसुद्धा ते नीट दिसायचं. पण भांडाराकडे नाव पाठवताना आडनाव ठरलेल्या यादीतूनच निवडावं लागे. यादीत त्यांनी सोडलेलं आडनाव होतं, गिरजाबाई नव्हतं. रकाना रिकामा जाई, आणि भांडार अख्खं नावच गाळून टाकी.

चौदा महिने धम्मरत्न अर्ज करत राहिले. वाचनालय म्हणे, आमच्याकडे बरोबर आहे, भांडाराला सांगा. भांडार म्हणे, येतं तेच आम्ही दाखवतो, वाचनालयाला सांगा. मधल्या काळात 'अज्ञात कामगाराच्या वह्यां'वर कोणाचा तरी शोधनिबंध आला. त्यांनी तो दवाखान्याच्या खाटेवर शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून उशाखाली ठेवला.

"भांडाराच्या लोकांशी तुम्ही बोललात?" तिने विचारलं.

मेल बरेच झाले होते, असं निरंजन म्हणाला. प्रत्यक्ष बोलणं तसं नाही झालं.

तिने वडिलांच्या फायलीतल्या पत्रावरचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला. पलीकडे स्वरूपा नावाच्या बाई होत्या. भांडारातल्या नोंदी त्याच पाहायच्या.

"मी धम्मरत्न गिरजाबाईंची मुलगी. समोर वाचनालयाचे निरंजन आहेत. तुम्ही दोघं बोला, मी ऐकते."

आधी दोघांनीही आपापलं जुनंच उत्तर म्हणून दाखवलं. मग स्वरूपाबाईंनी विचारलं, पूर्ण नावाच्या रकान्यातून का नाही पाठवत? संस्थांची नावं त्यातूनच येतात, त्याला आडनाव लागत नाही.

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही," निरंजन म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत, भाऊ."

त्याने रकाना बदलला. रविवारची वाट न बघता स्वरूपाबाईंनी नोंद लगेच ओढून घेतली. धम्मरत्न गिरजाबाई. तेवीसच्या तेवीस वह्यांवर. फोनवर वेळ दिसत होती : नऊ मिनिटं.

"झालं बघा," निरंजन मनापासून खूश झाला. "चहा सांगू?"

नोंदीतला टिपेचा रकाना भांडारात जातो का, असं अपेक्षाने विचारलं. जातो, निरंजन म्हणाला.

"मग लिहा. या वह्यांवर आपलं नाव असावं म्हणून लेखकाने चौदा महिने अर्ज केले. त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस दिवसांनी ते नऊ मिनिटांत लावण्यात आलं."

निरंजनचा चेहरा उतरला. "असं नाही लिहीत, मॅडम. संस्थेचं नाव खराब होतं."

"बघा, संस्थेच्या नावाची काळजी तुम्हाला एका वाक्यात लागली."

फोनवरून स्वरूपाबाई म्हणाल्या, "लिहा हो. आम्हीही त्यात आहोत."

त्याने टाइप केलं. 'नऊ मिनिटांत' हे शब्द गाळून.

"ते घाला," अपेक्षा म्हणाली.

त्याने घातले. नोंद सेव्ह होईपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.