डायरेक्टरसाहेबांच्या गाडीखालचं सिमेंट

माझ्या वडिलांना सगळे ओळंबा म्हणतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केल्यामुळे समोर माणूस आला, तरी तो सरळ उभा आहे का हे ते आधी बघतात. मी प्रयोगशाळेत ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची भुकटी सोड्याच्या जहाल द्रावणात कालवून सिमेंट बनवते. भट्टी नाही, धूर नाही. सहा वर्षांत बाबांनी त्याला एकदाही सिमेंट म्हटलं नाही. "तुझा तो चिखल कसा आहे?" असं विचारायचे. जगानं नावं ठेवली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. बाबांनी ठेवलेली लागायची.

डायरेक्टरसाहेबांनी शेवटची संधी दिली. आवारात वीस फुटांची पायवाट घालायची आणि अठ्ठावीस दिवसांनी समितीनं तिची ताकद तपासायची. नापास झाली तर माझी खोली रंग विभागाला. रंगवाले तर पडद्यांची मापंही घेऊन गेले होते.

हातमोजे घालून काम करायला एकही गवंडी तयार होईना. शेवटी बाबाच आले. "पोरीचं वाकडं काम चारचौघांना दिसायला नको," म्हणाले. कुरकुरत का होईना, पण अशी पायवाट घातली की तिच्यावर तोंड दिसावं. मी वर प्लॅस्टिक अंथरलं.

"बाबा, हिला थेंबभरही पाणी नको. कोवळी असताना भिजली तर आतला सोडा धुऊन जातो, मग नुसतं पीठ."

"पाणी मारायचंच नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," बाबा म्हणाले. बाबांचं 'बरं' म्हणजे 'नाही', हे आईला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं. मला चाळिशी गाठूनही कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब दहा दिवसांच्या दौऱ्यावर गेले. जाताना त्यांना आवारात कोरं प्लॅस्टिक अंथरलेलं दिसलं. ते आपल्यासाठीच असणार, अशी खात्री असल्याशिवाय माणूस डायरेक्टर होत नाही. माझं सिमेंट एका रात्रीत गाडी पेलण्याइतकं घट्ट होतं. त्यांनी पायवाटेच्या पलीकडच्या टोकावर गाडी लावली आणि किल्ली खिशात टाकून निघून गेले.

अठ्ठाविसाव्या दिवशी समिती आली. पायवाटेतून कापलेला पहिला तुकडा दाबयंत्रात ठेवला, तो काटा नीट हलायच्या आत फुटला. दुसरा तसाच. तिसऱ्याची पूड समितीच्या थोरल्या इंजिनिअरनं बोटांवर चोळून पाहिली आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. चौथा तुकडा गाडीखालचा होता. काटा चढत गेला, हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला, तरी चढतच राहिला. शेवटी असा आवाज झाला की रंगवाले धावत आले.

"भुकटी तीच, हात तोच, मग हे कसं?" थोरल्या इंजिनिअरनं विचारलं.

"वजन," साहेब विनयानं म्हणाले. "माझी गाडी तशी जडच आहे."

"साहेब, पाणी मी मारलं." दारातून आवाज आला. बाबा उभे होते, टोपी हातात. "पहिला आठवडाभर, रोज सकाळी. पोरीचं काम तडकेल, हसं होईल, म्हणून. गाडीखालचं प्लॅस्टिक तेवढं उचलता आलं नाही."

रोज सकाळी ते फिरायला जातात म्हणून मी खूश होते! सहा वर्षांवर त्यांनी बादलीनं पाणी ओतलं होतं, आणि तेही मायेनं.

थोरले इंजिनिअर हसले. "आजोबा, पाण्यानं सिमेंट बिघडतं का कधी? गवंडी ना तुम्ही?"

"गवंडी आहे म्हणून तर चुकलो. हिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ती म्हणते तेच खरं आहे."

मी तक्ते काढले, सोडा कसा धुऊन जातो ते दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी! एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून समितीचं पाण्यावरचं मत बदलणार नव्हतं. अहवाल झाला: पुन्हा एक चाचणी मंजूर; अट एकच, पायवाटेवर दहा दिवस चारचाकी उभी ठेवावी. रंगवाल्यांनी पडद्याचं कापड परत केलं.



आता नवी पायवाट घालून झाली आहे. एका टोकाला, अहवालाप्रमाणे, साहेबांची गाडी उभी आहे. दुसऱ्या टोकाला बाबा स्टूल टाकून बसतात, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. काल माळी नळी ओढत आला, तेव्हा मी खिडकीत होते.

"तिकडे! तिकडे घे ती नळी!" बाबा ओरडले.

"अहो ओळंबा, सिमेंटवर पाणी मारायला लागतं, एवढंही कळत नाही?"

"तुमच्या सिमेंटवर मारा," बाबा म्हणाले. "हे माझ्या पोरीचं सिमेंट आहे."