म्हणे, केबल जोडलेली नाही!

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना वस्तूंनी हळू आवाजात बोलावे, मधूनमधून उसासे टाकावेत, अशी पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. फुटकी छत्री, बंद पडलेले घड्याळ, गंजलेली सायकल ही सारी गरीब मंडळी तसेच बोलतात. मला ते जमणार नाही. त्यांचे निदान काहीतरी बिघडले तरी होते. माझे काहीच बिघडले नव्हते!

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या आठ बारीक तारा घेतल्या, प्रत्येकीला रंगीत झबले घातले, दोघी-दोघींना पीळ देऊन चार जोड्या केल्या आणि वरून पांढरी कातडी चढवली. पीळ कशाला, तर एका जोडीचे बोलणे दुसरीच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून. ही सोय माणसांत नाही, हे मला पुढे कळले. मोठ्या गुंडाळीत गुरफटून मी भंडाऱ्याच्या एका दुकानात आले आणि नऊ वर्षांपूर्वी लक्ष्मणरावांनी मला तिथून अठरा मीटर मापून पवनीला नेले.

लक्ष्मणराव म्हणजे हातमागावर जन्म घालवलेले विणकर. त्यांच्या मुलाने, भूपेंद्रने, घराच्या खालच्या खोलीत सरकारी कामांचे सेवा केंद्र उघडले होते. इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, वरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर खाली. त्या दोघांना जोडण्याचे काम माझे. माझ्या दोन्ही टोकांना पारदर्शक जॅक बसवले. या जॅकच्या पाठीवर एक छोटी लवचीक जीभ असते. जॅक आपल्या खाचेत पुरता बसला की ती जीभ 'टक' असा आवाज करते. हा टक तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. त्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी तो ठेवला नाही.

लक्ष्मणरावांनी मला स्वतःच्या हाताने भिंतीवर चढवले. भूपेंद्र घाई करत होता, पण म्हातारा ऐकेना. "सूत होय ना हे? मंग सुतासारखंच लावू. ताण नको अन् ढील बी नको," असे म्हणत त्यांनी हातहातभर अंतरावर खिळे ठोकले आणि मला त्यांवर अलगद अडकवले. एकही खिळा माझ्या अंगातून गेला नाही. पुढे एकदा उंदराने माझी कातडी कुरतडली, तेव्हा त्यांनी मागाचे सुती धागे गुंडाळून वर काळी पट्टी लावली. आतली एकही तार तुटली नव्हती. पण ती पट्टी पुढे माझ्या मुळावर आली.

ती वर्षे चांगली गेली. सातबारे, जातीचे दाखले, दहावीचे निकाल, भरतीचे अर्ज, सगळे माझ्या अंगातून गेले. "नेट मस्त चालते हो तुमचं," असे लोक भूपेंद्रला म्हणायचे आणि तो हसून मान डोलवायचा. माझे नाव कोणी घेतले नाही, पण मला त्याचे वाईट वाटले नाही. मग दोन वर्षांपूर्वी लक्ष्मणराव गेले. खालचे तीन खिळे निघाले, मी भिंतीवरून उतरून फरशीवर लोळू लागले. माझ्यावरून खुर्चीची चाके फिरली, झाडू फिरला, पांढरी होते ती राखाडी झाले. मला उचलून पुन्हा टांगायला दोन मिनिटेही लागली नसती.

आता त्या दिवसाची गोष्ट. तारीख तीस नोव्हेंबर, वार रविवार. आदल्या संध्याकाळी भूपेंद्रने जुना कॉम्प्युटर देऊन टाकून कोरा करकरीत नवा आणला होता. सकाळी त्याची पूजा झाली. या घरची एक रीत आहे. नव्या मागाची पूजा करताना सूत जिथून शिरते त्या फणीला आधी कुंकू लावायचे. भूपेंद्रची आई कुसुमताई ताट घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले, "भूपेंद्र, याच्यात सूत कुठून जाते रे?"

भूपेंद्र मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याने कॉम्प्युटरच्या डब्याची पाठ दाखवली. "हे पाय ना आई, नेटची वायर या भोकात जाते."

झाले! कुसुमताईंनी डबा पाटावर पालथा घालून घेतला, पाठ वर केली, आणि त्या भोकाला हळदकुंकू लावून वरून अक्षता टाकल्या. मनापासून टाकल्या, मूठभर. त्यांना मी बोल लावत नाही. सूत शिरते त्या जागेला त्यांनी मान दिला, एवढेच.

दहाच्या सुमारास आसगावहून पार्वताबाई ऑटोने आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात पिशवी, पिशवीत पेन्शनचे कागद. त्यांचे मालक परसराम जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत होते. ते गेल्यापासून पार्वताबाईंना पेन्शन मिळते, आणि दर नोव्हेंबरात यंत्रावर बोट टेकवून आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. या वर्षी त्या तीन तारखेलाच येऊन गेल्या होत्या. पण धानाच्या कापणीने बोटे घासली होती, यंत्राने ती ओळखली नाहीत. "कापणी झाल्यावर या," भूपेंद्रने सांगितले. त्या आल्या, तर जुना कॉम्प्युटर मेलेला. "रविवारी या, नवीन येऊन राहिला." आता तीस तारीख उजाडली होती. आज दाखला गेला नाही तर पेन्शन थांबणार होती. त्यांच्या शेजारणीची अशीच थांबलेली पेन्शन सुरू व्हायला सात महिने लागले होते. बँक रविवारची बंद, दुसरे केंद्रही बंद.

"जयभीम बाबू," म्हणून त्या बाकावर बसल्या. "आज होऊन जाईन ना?"

"जयभीम आजी. पाच मिनिटांत करून देतो," भूपेंद्र म्हणाला. त्याने टेबलाखाली हात घालून, न बघताच, मला नव्या कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसले.

मी आत गेले आणि अडले. आत काहीतरी टणक होते, अगदी बारीक. माझ्या जिभेला खाच सापडेना. माझ्या टोकाचे आठ सोनेरी पत्रे एका तांदळाइतके अंतर राखून लोंबकळत राहिले. टक वाजला नाही. मी तशीच, धड आत नाही, धड बाहेर नाही, अडकून राहिले. आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटली: नेटवर्क केबल जोडलेली नाही.

वा रे वा! नऊ वर्षे मी जोडलेली, आणि काल घरात आलेला हा पाहुणा सांगतो की मी नाहीच!

भूपेंद्रने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग वर जाऊन राउटर बंद केला, तीसपर्यंत आकडे मोजले, पुन्हा चालू केला. मग टेबलाखाली हात घालून मला दोनदा काढले आणि दोनदा खुपसले, पण वाकून बघितले एकदाही नाही. मोबाइलचे नेट जोडून पाहिले, तर त्या दिवशी सकाळपासून तेही बसलेले, फोन तेवढे लागत होते. शेवटी त्याने, नवा कॉम्प्युटर जिथून आणला त्या दुकानातल्या नीलेशला फोन केला.

नीलेश बारा वाजता आला. नव्या कॉम्प्युटरला तो अगदी लाडाने हात लावत होता. "ड्रायव्हर नसन पडला," म्हणाला आणि पेनड्राइव्हवरून तो प्रोग्राम घातला. नेटवर्क बंद केले, चालू केले. कोपऱ्यातली अक्षरे जागची हलली नाहीत. मग त्याची नजर माझ्यावर पडली. मला चिमटीत धरून तो हसला.

"भाऊ, काहून ठेवली हो ही? पाहा तं, पट्ट्या लावेल आहेत. मेली ही. फेका हिले. उद्या मी नवीन वायर टाकून देतो."

मेली! ज्या पट्टीखाली माझी कातडी लक्ष्मणरावांनी सांधली होती, तीच पट्टी दाखवून हा मला मेली म्हणतो! आणि भूपेंद्र, ज्याचे सारे केंद्र माझ्या जिवावर उभे राहिले, तो काय म्हणाला? "हो यार, जुनीच आहे ते." मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात वीज असती तर मी झटका दिला असता. पण माझ्यासारख्यांतून फक्त निरोप जातात.

"उद्या म्हणजे एक तारीख," बाकावरून पार्वताबाई म्हणाल्या. "माह्या उद्याचा काही उपयोग नाही बाबू."

केबलच मेली हे सिद्ध करायला दोघांनी डबा आणि पडदा उचलून वर राउटरजवळ नेले. नीलेशजवळ हातभर लांबीची नवी निळी वायर होती. एका खांद्याने मोबाइल कानाशी दाबून, दुकानाच्या मालकाशी बोलत बोलत, त्याने ती डब्यात खुपसली. आणि काय झाले? तेच! केबल जोडलेली नाही. चकचकीत, कोरी, एकही पट्टी नसलेली वायर, तरीही जोडलेली नाही!

मला वाटले, आता तरी कोणीतरी म्हणेल, अरे, त्या जुनीचा दोष नव्हता. छे! नीलेश म्हणाला, "मंग राउटर गेला असन." थोड्या वेळाने, "नाही तं मदरबोर्डच खराब निघाला. उद्या दुकानात आणा." राउटरवर आळ, डब्यावर आळ. माझ्यावरचा आळ मात्र कोणी मागे घेतला नाही. लोकांना आळ घेता येतो, तो परत घेण्याची त्यांना सवयच नाही.

चार वाजत आले. आसगावची शेवटची ऑटो साडेपाचला. डबा खाली आणून टेबलावर ठेवला, यावेळी पाठ पुढे करून. पार्वताबाई सकाळपासून बाकावरच होत्या. कुसुमताईंनी दिलेला चहासुद्धा त्यांनी अर्धाच घेतला होता. आता त्यांचा आवाज चढला.

"मी कवाची समोर बसून आहो. बोलून राहिली, चहा पिऊन राहिली. तुमाले दिसतो ना मी? अन् हे मशीन ठरवन का मी जिती आहो का मेली?"

भूपेंद्र खजील झाला. काहीतरी करायचे म्हणून त्याने मला उचलले आणि शेवटचे एकदा त्या भोकात, म्हणजे पोर्टात, दाबले.

"थांब बाबू," पार्वताबाई म्हणाल्या. "वाजलं नाही."

"काय वाजलं नाही आजी?"

"दरवर्षी मी इथंच बसतो. बोटाची मशीन काढाच्या आधी तू ते वायर एकदा काढून परत लावतो, अन् टक वाजते. आज सकाळपासून एकदाबी वाजलं नाही. तीस वर्सं मी आमच्या याइचा जेवणाचा डबा भरला. कडी टक वाजल्याबिगर फॅक्टरीच्या बसमंदी चढू देत नोहती मी त्याइले. नाही वाजलं म्हणजे नाही लागलं. मंग आमटी साऱ्या पिशवीत."

नीलेश हसायच्या बेतात होता. भूपेंद्र मात्र वाकला. सकाळपासून पहिल्यांदा तो वाकला, आणि मोबाइलचा उजेड त्याने पोर्टात टाकला.

"आई," तो हळूच म्हणाला, "सुई आण वं जराशी."

डबा बंद करून, वायर काढून, सुईच्या टोकाने त्याने ते टणक काहीतरी हलके हलके बाहेर ओढले. कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा होता. पार्वताबाईंनी तो तळहातावर घेतला, धान पिकवणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "बारीक तांदूळ होय. भाताले चांगला लागते, मशीनले कायले चारला?"

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. "आवो माय, म्याच टाकला बाई!" दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि त्या दिवसात त्या खोलीत प्रथमच कोणी मनापासून हसले.

मग भूपेंद्रने मला घेतले, नीट डोळ्यांसमोर धरले आणि आत सरकवले.

टक.

डबा पुन्हा चालू केला तसा हिरवा दिवा लागला. कोपऱ्यातली ती खोटी अक्षरे पुसली गेली. पार्वताबाईंनी अंगठा टेकवला, जमले नाही. तर्जनी टेकवली, नाही. त्यांनी हात लुगड्याला पुसला, डाव्या हाताचे मधले बोट टेकवले, आणि ते बोट माझ्या आठही तारांतून वर राउटरपर्यंत आणि तिथून कुठल्या कुठे गेले. घासलेले, चिरलेले, पण जिवंत बोट. इतकी वर्षे माझ्यातून हजारो कागद गेले, पण एवढ्या जपून मी काही नेले असेल असे मला आठवत नाही. क्षणभराने प्रिंटरमधून कागद निघाला. भूपेंद्रने मोठ्याने वाचले: पार्वताबाई परसराम, हयात.

"भेटला बाप्पा," म्हणून त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला.

आणि मित्रांनो, ऐका. एवढे सगळे झाल्यावरही नीलेश बॅग आवरता आवरता म्हणाला, "तरी भाऊ, ही केबल बदलूनच घ्या. जुनी आहे." भूपेंद्र प्रिंटरचे कागद नीट लावू लागला. माझी बाजू घ्यायला त्याला तोंड उघडावेसे वाटले नाही.

म्हणून मीच सांगते. एखादी वस्तू जुनी दिसली, तिच्या अंगावर पट्टी दिसली, म्हणून ती मेली असे ठरवू नका. आधी वाका. उजेड पाडा. जोडले गेले की नाही हे कानांनी ऐका. आणि चूक दुसऱ्याची निघाली, तर ज्याच्यावर आळ घेतला त्याला तसे सांगा. त्याला दोन शब्द पुरतात. मला तेवढेही मिळाले नाहीत, पण दुसरे काही मिळाले.

पार्वताबाई निघाल्या. दाराशी मी नेहमीसारखी फरशीवर आडवी पसरले होते. दिवसभर सगळे माझ्यावर पाय देऊन गेले होते. त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि मला उचलले. दाराजवळच्या भिंतीवर लक्ष्मणरावांचा एक खिळा अजून शाबूत होता. त्यावर त्यांनी मला अडकवले, ताण न देता, ढीलही न सोडता.

"हिचा काय गुन्हा होता बाबू?" त्या नीलेशला म्हणाल्या. "मले निदान जिती असल्याचा कागद तरी भेटला."

मग त्या साडेपाचची ऑटो धरायला गेल्या. पुढच्या नोव्हेंबरात त्या पुन्हा येतील. तोवर मी या खिळ्यावर असावे, एवढीच माझी इच्छा आहे.