अर्ध्या डॉक्टरची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर कुणी आनंदाने येऊन बसल्याचे मला आठवत नाही. मी एक जुनी खुर्ची आहे, दातांच्या दवाखान्यातली. बागेतल्या बाकाला गप्पा मिळतात, झोपाळ्याला गाणी मिळतात. माझ्या वाट्याला आली ती घामाने ओली झालेली पाठ आणि माझे हात घट्ट आवळून धरणारी बोटे. माझ्या हातांवरचे रेक्झिन फाटले आहे. ते उन्हाने फाटले नाही की उंदराने कुरतडले नाही. ते माणसांच्या भीतीने फाटले.

माझा सांगाडा लोखंडी आहे. पायाशी एक पेडल आहे. ते मारत राहिले की मी वर जाते आणि दाबून धरले की हळूच खाली येते. पाठ मागे टेकवली की मी पार आडवी होते. कारखान्यात मला तपासणाऱ्या कामगाराने दुपारच्या सुट्टीत माझ्यावर चक्क एक डुलकी काढली होती. तेवढाच काय तो एक माणूस माझ्यावर निवांत झोपला. त्यानंतर मला कापडात गुंडाळून एका नव्या दवाखान्यात आणले गेले आणि माझा खरा जन्म सुरू झाला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडे आणि एक टेबल. त्या टेबलाशी डॉक्टरांची बायको बसून रोग्यांचे नंबर लावायची. आतल्या खोलीत मी, माझ्या डोक्यावर दिवा, डाव्या हाताला चूळ भरायचे पांढरे भांडे आणि उजवीकडे डॉक्टर. घर याच दवाखान्याच्या वर होते.

डॉक्टरांबद्दल मी खोटे बोलणार नाही. त्यांचा हात फार चांगला होता. रोग्याच्या गालाला गार बोटे लागू नयेत म्हणून ते आधी हात गरम पाण्याखाली धरत. मग हलक्या आवाजात सांगत, "दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन." आणि ते खरोखरच थांबत. रडत आलेली माणसे हसत उठत. कुणी हात जोडत, कुणी मुलाबाळांना आशीर्वाद देत. पण आभार ऐकायची वेळ आली की डॉक्टर पाठ फिरवून बेसिनकडे हात धुवायला जात. मला आधी वाटले, हा त्यांचा विनय आहे. विनय नव्हता तो, मित्रांनो. त्यांना आपल्या कामाची लाज वाटत होती.

डॉक्टरांचा थोरला भाऊ शहरातल्या मोठ्या इस्पितळात सर्जन होता. डॉक्टरांनाही तेच व्हायचे होते, पण परीक्षेत गुण थोडे कमी पडले आणि ते दातांकडे आले. आले, पण मनाने कधी पोचले नाहीत. लोक त्यांना देवमाणूस म्हणत आणि ते स्वतःला नापास म्हणत.

त्यांना एकच मुलगी होती. समोरचे दोन दात जरा पुढे, म्हणून सगळे तिला खारू म्हणत, खारीसारखी म्हणून. डॉक्टरांनी पुढे ते दात तारा लावून सरळ केले, पण नाव तसेच राहिले. शाळा सुटली की खारू दप्तर आईच्या टेबलाखाली टाकून थेट आत यायची. माझे पेडल मारायला तिला फार आवडायचे. मोठी होऊ लागली तशी ती हत्यारे उकळून ट्रेमध्ये ओळीने मांडू लागली. दातांच्या मापासाठी लागणारे प्लॅस्टर तिच्यासारखे, एकही गुठळी न ठेवता, कुणी कालवत नसे.

एकदा एक दांडगा पोलीस आला. मिशा केवढ्या, आणि बसल्यावर माझे हात काही सोडेना. खारू त्याच्या डोक्यामागे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, वर छताला ओल आलीय बघा. त्यात उंट दिसतो का तुम्हाला?" पोलीस उंट शोधत राहिला आणि तेवढ्यात दाढ निघालीसुद्धा. चूळ भरता भरता तो म्हणाला, "उंट नाही तो, घोडा आहे." सगळे हसले. डॉक्टरही हसले. त्या दिवशी मला वाटले होते की या दवाखान्याला पुढची डॉक्टर मिळाली.

खारू अकरावीत असताना एका रविवारी सर्जनकाका आले. त्यांचा दात रात्रभर ठणकला होता. इतक्या मोठ्या इस्पितळाचे ते मोठे डॉक्टर, पण दात दुखला की धाकट्या भावाचेच दार. डॉक्टरांनी तासभर खपून त्यांच्या दाताच्या मुळाचे काम केले. दुखणे थांबले तशी काकांच्या जिभेला धार आली.

"हात बरा आहे हो तुझा," ते भावाला म्हणाले. "पण दात कोरून पोट भरतं का कुणाचं?"

ही त्यांची नेहमीची कोटी होती. लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, कुठेही ती निघायची. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे हसल्यासारखे केले. मग काकांनी हत्यारे पुसत उभ्या असलेल्या खारूला विचारले की बारावीनंतर काय करायचे ठरवले आहे.

"बाबांचंच काम," खारू म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखे काहीच वाटले नाही.

काका माझ्यावरून उठले, कोट घातला आणि म्हणाले, "म्हणजे घरात आणखी एक अर्धा डॉक्टर."

ते गेले. डॉक्टर बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांची बोटे मला कधी लागली नव्हती इतकी गार लागली. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खारूला दवाखान्यात यायची बंदी झाली. ती शाळेतून थेट क्लासला जाऊ लागली. तिला पूर्ण डॉक्टर व्हायचे होते, असे ठरले होते. कुणी ठरवले हे विचारायची पद्धत त्या घरात नव्हती.

खारूच्या शाळेत मुलांना पुढच्या शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या एक बाई होत्या. त्या आमच्याकडे दात भरून घ्यायला आल्या. खरे तर दात हे निमित्त होते. शाळेत दोनदा बोलावूनही डॉक्टर गेले नव्हते, म्हणून बाई स्वतःच येऊन माझ्यावर बसल्या. बसताच सांगू लागल्या की मुलीशी मी पुष्कळ बोलले आहे, तिच्या चाचण्याही घेतल्या आहेत, आणि ज्या कामाकडे तिचा ओढा आहे ते तुमच्याच— एवढे बोलून होईपर्यंत डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस भरला होता.

मग डॉक्टरच बोलत राहिले. या वयात मुलांना काय कळते, आज ओढा आहे उद्या नसेल, आईबापांनी दोन पावसाळे जास्त पाहिलेले असतात. बाई नुसत्या डोळ्यांनी नाही म्हणत होत्या. मला हसूही आले आणि वाईटही वाटले. तोंड बंद करून समजूत घालणे किती सोपे असते.

कापूस निघाल्यावर बाईंनी सावकाश चूळ भरली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं काम इतकं हलकं असतं, तर मी स्वतःचा दात तुमच्या हातात दिला नसता."

डॉक्टर बेसिनकडे वळले. बाई बाहेर जाऊन खारूच्या आईशीही बोलल्या असाव्यात. पण आईची तर या विषयावर दातखीळच बसायची.

पुढच्या वर्षी परीक्षा झाली आणि निकाल लागला. खारूला मेडिकलसाठी गुण कमी पडले. पण डेंटलच्या एका उत्तम कॉलेजात तिचे नाव आले. मित्रांनो, ज्या दाराशी ती लहानपणापासून उभी होती तेच दार तिच्यासाठी उघडले होते. बंदी मोडून ती धावत आतल्या खोलीत आली आणि माझ्यावर येऊन बसली. आनंदाने माझ्यावर कुणी बसले नाही असे मी सुरुवातीला म्हणाले. ते खरे नाही. त्या संध्याकाळी खारू बसली होती. पण तो आनंद इतका थोडा टिकला की मी तो धरतच नाही.

डॉक्टर हत्यारे धूत होते. मागे न बघता ते म्हणाले, "ती जागा सोडून द्यायची. पुन्हा परीक्षेला बसायचं."

खारूने दातांच्या कण्या केल्या. रडली, समजावले, इतर मुलींची उदाहरणे दिली. शेवटी डॉक्टर हात पुसत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पेशंट मला डॉक्टर म्हणतात," ते म्हणाले, "आणि घरचे दातवाला म्हणतात. जन्मभर तसं ऐकून घ्यायचंय तुला?"

"मला चालेल, बाबा."

"मला चालणार नाही."

खारूने माझ्यावर बसल्या बसल्या नुसता डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. डॉक्टरांना त्याचा अर्थ कळला नसेल असे मी म्हणूच शकत नाही. साऱ्या जगासाठी तो नियम त्यांनीच केला होता. त्यांनी हात पुसायचा टॉवेल खुंटीला लावला, दिवा बंद केला आणि वर निघून गेले. साऱ्या आयुष्यात त्या एकाच वेळी ते थांबले नाहीत.

खारूने जागा सोडली. दुसऱ्या वेळी तिला आधीपेक्षा कमी गुण मिळाले. तिसऱ्या वेळी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिला ताप भरला आणि ती अर्धा पेपर कोरा सोडून आली. तोवर तिच्या बरोबरीच्या मुली पुढे गेल्या होत्या. तेव्हा कुठे डॉक्टर बायकोला म्हणाले की डेंटल तर डेंटल, तिथे तरी बघू. पण आता तेवढे गुणही नव्हते. चणे होते तेव्हा यांनी दात दाखवले, आता दात होते तर चणे संपले. आणखी एकदा परीक्षा दे, असे आईने सुचवून पाहिले. बाहेरच्या खोलीतून मला खारूचे उत्तर ऐकू आले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

"मला आता कशातच पास व्हायचं नाही, आई."

तिने घरबसल्या कसलीशी पदवी घेतली आणि प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासच्या ऑफिसात नोकरी धरली. तिथे ती टेबलामागे बसून लोकांच्या मुलांना कुठल्या शाखेला जावे ते सांगते. ती लोकांना जे हवे असते तेच सांगते, असे आईने एकदा शेजारणीला म्हटले. पगार बरा आहे म्हणे.

पुढे डॉक्टरांचे हात थरथरू लागले. दात काढताना एका बाईच्या हिरडीला हत्यार लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच दवाखाना बंद केला. माझ्यावर एक जुनी चादर पडली. चादरीवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले, मग मोडका पंखा आला. माझ्या पेडलमधले तेल गळून फरशीवर काळा डाग पडला. ज्यांच्या वेदना मी अंगावर झेलल्या त्यांच्यापैकी कुणी चौकशीला आले नाही. तक्रार नाही माझी. दात दुखायचा थांबला की दवाखाना कोण आठवतो?

मग परवा अचानक दार उघडले. खारूने गठ्ठे उतरवले, पंखा बाजूला केला, चादर ओढली. ती जाडसर झाली होती, चष्मा लागला होता. तिच्या मागे गालावर हात धरून डॉक्टर उभे होते. आयुष्यभर माझ्या उजव्या बाजूला उभा असलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर बसला. त्यांचे वजन इतके कमी झाले असेल असे मला वाटले नव्हते.

वरचा दिवा लागेना. खारूने मोबाइलचा उजेड धरला, खणातून छोटा आरसा काढून गरम पाण्याने धुतला आणि माझी पाठ मागे टेकवली. तिचे हात अजून तसेच होते. आरसा कुठे टेकवायचा आणि कुठे नाही ते त्या हातांना विचार न करता कळत होते.

"वरची डावी दाढ," ती म्हणाली. "किडलेली नाही. तडा गेलाय. तुम्ही झोपेत दात खाता."

"कधीपासून?"

"मला कळायला लागलं तेव्हापासून."

डॉक्टर आडवेच राहिले. डोळे मिटून म्हणाले, "तुझा हात चांगला आहे."

हे ऐकायला ती पोर कितीतरी वर्षे माझ्या डोक्यामागे उभी राहिली होती. मला वाटले, आता ती रडेल. तिने आरसा पुसून खणात ठेवला.

"चांगला होता," ती म्हणाली. "चला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. उशीर झाला तर ते थांबणार नाहीत."

तिने बापाला हात धरून उठवले आणि दोघे गेली.

मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाला लवकरच विचारले जाईल की पुढे काय व्हायचे. तुम्हाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांना मान द्या, त्यांचे ऐकूनही घ्या. पण जो माणूस स्वतःच्या कामाकडे पाठ फिरवून उभा आहे, त्याला वाट विचारू नका. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी कामाची एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला आवडीने हात लावणारे मूल तिथून हाकलू नका. वस्तू काय, चादरीखालीही दिवस काढते.

जाताना खारू चादर घालायला विसरली. माझी पाठही तिने सरळ केली नाही. तेव्हापासून मी इथे आडवीच आहे, छताकडे बघत.