सालोंची जमीन

इल्मीने कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं, पुन्हा चढवलं आणि शेवटी कोट अंगावर टाकून ती गोठ्याकडे निघाली. वकीलबाईंकडे जायची वेळ होत आली होती आणि ओन्नीचा पत्ता नव्हता. एप्रिल लागला तरी कुंपणाकडेचा बर्फ हटायला तयार नव्हता. वाटेवर मात्र नुसता चिखल झाला होता.

गोठ्याचं दार सताड उघडं होतं. आत तिचा धाकटा भाऊ जमीन झाडत होता. गाई नव्हत्या. गव्हाणी धुऊन कोरड्या केलेल्या, दावी गुंडाळून खुंटीला अडकवलेली.

"गाई कुठायत?"

"शेजारी, सँडबर्गकडे."

"सगळ्या?"

"एकट्या गाईला कुठे करमतं गं?" ओन्नीने खराटा भिंतीला टेकवला. "चल, तुझ्यामुळे उशीर होईल."

"माझ्यामुळे! वा!"

गोठ्याला नवी जमीन करायची असेल, इल्मीच्या मनात आलं. आता सगळं त्याचंच होणार, म्हणजे हौस येणारच. या विचाराने तिला जरा बरं वाटलं.

आई गेल्या शरद ऋतूत गेली, मृत्युपत्र न करता. घर, गोठा, तळ्यापर्यंतचं कुरण आणि मागचं बर्चचं रान कायद्याने दोघा भावंडांत निम्मं निम्मं आलं. मग ओन्नीचा फोन आला होता, "कागद करून टाकू या. वकीलबाई म्हणतात, हक्कसोडपत्र केलं की काम झालं. येशील?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली होती. डेट्रॉइटला लेकीने तोंड वाकडं केलं. "फुकट सोडून देणार, ममा?"

"मी तिथून निघून आले. तो राहिला. मग कुणाचं म्हणायचं ते?" इल्मी म्हणाली होती, आणि बसचं तिकीट काढायला गेली होती.

पण आल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. तिने कपाटं घासली, पडदे धुतले, सौनाच्या वाफेच्या न्हाणीसाठी लाकडं फोडून रचली, कुणी न सांगता वेलदोड्याचा पाव भाजला. ओन्नी पाव खायचा, छान झालाय म्हणायचा आणि लगेच उठून बाहेर जायचा. एका खोलीत दोघं असली की त्यांतलं एक जण दाराकडे तोंड करून उभं.

ट्रकमध्ये तिने घसा साफ केला. बोलायचं तिने बसमध्येच जुळवून ठेवलं होतं.

"ओन्नी, आईचं सगळं तू केलंस. मला वाटतं..."

"काच वर घे. वारा येतोय."

तिने काच वर घेतली. जुळवलेलं सगळं विस्कटलं. तो रस्त्याकडे पाहत स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला, थेट गावात पोचेपर्यंत.

ट्रेवेना वकीलबाईंची खोली पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होती. बाईंनी दोघांना बसवलं, चष्मा लावला आणि टाइप केलेला कागद पुढे घेतला. इल्मीने पर्समधून पेन काढून टोपण उघडलं.

"आधी एक सांगते," बाई तिला म्हणाल्या. "मी तुमच्या भावाची वकील आहे, तुमची नाही. तुम्हाला दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावासा वाटला तर जरूर घ्या. मी थांबेन."

"कशाला? मला सगळं मान्य आहे. कुठे करू सही?"

बाईंनी ओन्नीकडे पाहिलं. ओन्नीने टोपी गुडघ्यावर उलटी केली, सुलटी केली.

"तुम्ही यांना सांगितलं नाहीत, मिस्टर सालो?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"रोजच."

बाईंनी उसासा टाकला आणि कागद इल्मीच्या पेनसमोरून सरकवत ओन्नीपुढे ठेवला. "तुमची सही लागत नाही, बाई. हक्क हे सोडतायत. तुमच्या नावे."

इल्मी हसली. मग तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि पेनाला टोपण लावायला गेली, ते लागेना.

"उलटं झालंय काहीतरी," ती म्हणाली. "ओन्नी, मी सोडायला आलेय. मी!"

"माहितेय मला."

"मग?"

"तू सोडलंस तर मी सुटत नाही ना!" तो इतक्या जोरात बोलला की स्वतःच दचकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मार्क्वेटच्या धक्क्यावरून लोखंडाचं खनिज नेणाऱ्या बोटी सुटतात. एकीवर मुदपाकखान्यात माणूस हवा होता. मी आईसाठी इतकी वर्षं रांधलं, तेवढं येतं मला. त्यांनी घेतलं."

"बोटीवर? तुला तळ्यातल्या होडीत मळमळायचं!"

"तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, इल्मी."

"मग विकून टाकू. दोघं मिळून विकू."

"मी विकणार नाही, असा आईला शब्द दिलाय." ओन्नीच्या तोंडावर अगदी पुसटसं हसू आलं. "आणि मी विकत नाहीच आहे. देऊन टाकतोय. तू काही शब्द दिलेला नाहीस. ठेव, वीक, रान वाढू दे. मला विचारू नकोस म्हणजे झालं."

"म्हणजे वाईटपणा माझ्या गळ्यात!"

"हो," तो म्हणाला. "थोडा तू घे."

इल्मी उठून खिडकीपाशी गेली. परत आली. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. वकीलबाई शांतपणे सांगत होत्या: अशा कागदाने माणूस आपलं जे काही असेल तेवढंच सोडतो, हद्दीची किंवा बोज्याची हमी देत नाही, पण त्यांनी स्वतः जुने दस्त तपासले आहेत, जमीन मोकळी आहे. आणि शेवटची गोष्ट, "तुम्ही घेतलं नाहीत तर हा कागद नुसता कागद आहे. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे."

ओन्नी खाली पाहत होता. त्याच्या मानेवरचे केस त्याने स्वतःच कापले असावेत. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. आजारपणात आई त्याच्याकडूनच केस विंचरून घ्यायची. इल्मी डेट्रॉइटहून दर नाताळला यायची, तेव्हा आई तिच्यासमोर त्याची तक्रार करायची, त्याला ऐकू जाईल अशी.

"कर सही," इल्मी म्हणाली.

त्याने केली. हळू, प्रत्येक अक्षर वेगळं काढत. बाईंनी शिक्का मारला आणि कागद इल्मीच्या हातात दिला. तिने तो घेतला. ओन्नीने इतका लांब श्वास सोडला की बाईसुद्धा हसल्या.

दस्त नोंदवायचं कार्यालय समोरच्या कोर्टाच्या इमारतीत होतं. ओन्नी तिथे तिच्या बाजूला उभा होता, पण त्याचं लक्ष दाराकडे होतं. मार्क्वेटची बस दुपारची, आणि बॅग त्याने ट्रकच्या सीटमागे आधीच आणून ठेवली होती. ट्रकची किल्ली त्याने तिच्या कोटाच्या खिशात टाकली.

"मला गिअरची गाडी चालवून वीस वर्षं झाली," ती पुटपुटली.

"चिखल मऊ आहे. आपटलीस तरी लागणार नाही."

खिडकीमागच्या बाईने कागद उलटसुलट पाहिला, तारीख मारली आणि मान वर केली.

"मालकीणबाई तुम्हीच ना? कराचे कागद कुठे पाठवायचे? पत्ता सांगा."

इल्मीने तोंड उघडलं. डेट्रॉइटचा पत्ता तिला झोपेतही सांगता आला असता: लेकीचं घर, जिन्याखालची खोली. तिथे रेडिओ लावायचा तर ती आधी विचारायची. मुलं शाळेत गेली की त्या घरात तिला दिवसभर काही काम नसायचं, आणि तरी ती कुणाच्या तरी पायात यायची.

तिने गोठा, कुरण आणि तळं असलेल्या त्या कच्च्या रस्त्याचं नाव सांगितलं.

ओन्नीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"सध्यापुरता," ती घाईने खिडकीतल्या बाईला म्हणाली. "सध्यापुरता म्हणून लिहा."

"तसा रकाना नाही हो आमच्याकडे."

इल्मीने क्षणभर विचार केला.

"मग नुसताच लिहा," ती म्हणाली.